चाराचे आठ

"हे काय लिहिलंयस?"

एल्डन प्रुइटनं डाव्या हातानं माझी वही टेबलावर आपटली. टेबलावरचे दोन स्क्रू गडगडत खाली गेले.

"आकडेमोड आहे, मिस्टर प्रुइट."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक आहे ते मला सांगू नकोस!"

गोष्ट १९७४ सालची, ओहायोमधल्या एका खेडेवजा गावातली. एके काळी दुधाची डेअरी होती त्या लांबट इमारतीत प्रुइटचं वर्कशॉप होतं. म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. मोटारीच्या दाराची कुलुपं, डिकीच्या बिजागऱ्या, आरसे फिरवायचे गोळे, खिडकीच्या काचा वरखाली करणारी यंत्रं, अशी दोनशे अकरा पेटंटं त्याच्या नावावर होती. अमेरिकेत रस्त्यावरून धावणाऱ्या कुठल्याही गाडीत प्रुइटच्या डोक्यातून निघालेली एखादी तरी वस्तू असेच. हाताखाली माणसं मात्र दोनच. लेथवर स्टॅन कोवाल आणि ड्रॉइंगच्या टेबलावर मी, मधुसूदन करंबेळकर, राहणार मिरज. माझं नाव त्यानं पहिल्याच दिवशी तोडून 'मॅड' केलं. मॅड म्हणजे वेडा, हे सांगितल्यावर म्हणाला, "मग बरोबर आहे, इथे शहाणा माणूस टिकत नाही."

म्हातारा मुळातच संशयी. तरुणपणी त्याची एक कल्पना कुणीतरी चोरली होती, तेव्हापासून खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेला आणि रद्दी ड्रॉइंगं संध्याकाळी शेगडीत जाळायची. दाराच्या किल्ल्या तीन आणि माणसंही तीन. माझी आकडेमोड मराठीत असते हे दोन वर्षांपूर्वी त्याला कळलं तेव्हा तो खूश झाला होता. "छान! कुणाच्या बापाला वाचता येणार नाही." मला इलाज नव्हता. वडील शाळामास्तर. पावकी-दिडकी त्यांनी छडीच्या जोरावर पाठ करून घेतलेली. बोलायला इंग्रजी आली, नोकरी इंग्रजीत मिळाली, पण आकडा मनात मराठीत उमटायचा आणि तसाच कागदावर उतरायचा.

आता तीच वही माझ्या गळ्याशी आली होती.

वहीशेजारी म्हाताऱ्यानं एक लिफाफा आणि एक चित्र ठेवलं. पेन्सिलीनं हातानं काढलेलं चित्र. बघितल्याबरोबर ओळखलं. ती आमची झडप होती.

मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीला हवा घ्यायला एक भोक असतं. गाडी उलटली की पेट्रोल त्याच भोकातून सांडतं आणि एका ठिणगीनं आतली माणसं जळून जातात. त्या भोकात बसणारी अंगठ्याएवढी पितळी झडप आम्ही अकरा आठवडे करत होतो. आत एक पोलादी गोळी, गोळीखाली स्प्रिंग. गाडी सरळ असली की गोळीच्या वजनानं स्प्रिंग दबलेली राहते, वाट मोकळी. गाडी कलंडली की स्प्रिंग गोळीला ढकलते आणि भोक बंद. सगळी करामत स्प्रिंगची. सहा वेटोळ्यांची केली, ती मऊ पडली. पाच वेटोळ्यांची उशिरा हलायची. चार वेटोळ्यांची केली आणि झडप चुटकी वाजवावी तशी बंद झाली. आम्हा तिघांपलीकडे चौथ्या माणसाला यातलं अक्षर माहीत नव्हतं. पेटंटचा अर्ज अजून जायचा होता.

"पत्र वाच," म्हातारा म्हणाला.

पत्र टोलेडो शहरातल्या एका कारखान्याच्या मुख्य इंजिनिअरचं होतं. हा गृहस्थ तीस वर्षांपूर्वी प्रुइटच्याच हाताखाली शिकलेला आणि पुढे स्पर्धक झालेला. त्यानं लिहिलं होतं: "सोबतचं चित्र आम्हाला टपालानं आलं. पत्र नाही, नाव नाही, शिक्का तुमच्या गावचा. आमच्या मुलांनी करून पाहिलं, झडप बंद होत नाही. पण कल्पना कुणाची ते मी ओळखलं. परत पाठवतो आहे. आधी घर तपासा."

"घर तपासतोय," म्हातारा म्हणाला. "आज गुरुवार, शनिवारी दुपारपर्यंत वेळ आहे. तोवर चोर सापडला नाही तर तुला या वहीसकट शेरीफच्या हवाली करीन. पुढे तुझ्या व्हिसाचं काय करायचं ते सरकार बघेल."

"मीच का?"

"कारण तुझ्या वहीत काय आहे ते फक्त तुला कळतं."

माझा व्हिसा या नोकरीवर टांगलेला होता. नोकरी गेली असती तर गाशा गुंडाळून मिरजेला जाता आलं असतं, त्याचं एवढं नाही. पण चोर म्हणून जायचं? ज्या मास्तरांनी शेजारच्या अंगणातला पडलेला पेरूही परत द्यायला लावला, त्यांच्या दारात?

मी स्टॅनकडे पाहिलं. लेथ चालूच होता. स्टॅन माझ्याकडे पाहत नव्हता, म्हाताऱ्याकडेही नाही. तो त्या लिफाफ्याकडे पाहत होता. माझी नजर गेल्याबरोबर त्यानं मान फिरवली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मला तेव्हा वाटलं.

*

एकदा संशय शिरला की जुन्या गोष्टीही नवा चेहरा घेऊन समोर येतात. तीन आठवड्यांपूर्वी स्टॅननं मला हळूच म्हटलं होतं, "मॅड, वही इथे उघडी टाकून जाऊ नकोस. घरी नेत जा." तेव्हा मी हसलो होतो. आता वाटलं, याला वहीची एवढी काळजी का? शुक्रवारी तो तासभर आधी निघाला. सव्वीस वर्षं जो घड्याळ बघून जात होता, तो कारण न सांगता गेला.

आणि म्हातारा तर माझ्या मागेच लागला होता. गेले महिनाभर रोज सकाळी तो माझ्या टेबलाशी येई, कॉफीचा कप हातात आणि एकच प्रश्न. "मॅड, वेटोळी किती?" मी म्हणे, "चार." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर एकाच सकाळी दोनदा. पोलीस आरोपीला विचारतात तसं. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर कधीतरी बदलतंच. मी उत्तर बदललं नाही, पण रोज त्याची पावलं ऐकली की मनात 'चार, चार' घोकायचो.

शुक्रवारी जेवताना कुमुदला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमच्या आईसुद्धा मला रोज विचारायच्या, तांदूळ किती घातलेस म्हणून. विश्वास नसला की माणूस तेच तेच विचारतो," ती म्हणाली. "पण अहो, कर नाही त्याला डर कशाला? तुम्ही चोरलं नाहीत ना?"

"कुमुद!"

"बरं बरं, विचारलं आपलं. चित्र तरी बरोबर होतं का?"

"तीच तर गंमत आहे. सगळं बरोबर, फक्त स्प्रिंग चुकली. चित्रात आकडा एकच आहे, आठ वेटोळी. त्याच तारेची वेटोळी दुप्पट केली तर स्प्रिंग निम्म्यानं मऊ पडणार, मग झडप कशी बंद होईल? आम्ही सहा केली, पाच केली, चार केली. आठ कधीच केली नाहीत. हे आठ आले कुठून?"

कुमुदनं भाकरी उलटली. मग तोंडाला पदर लावून ती हसायला लागली.

"हसायला काय झालं? इथे माझा जीव चाललाय."

"अहो, दूधवाल्याचे आठ!"

आता आठवलं. मागच्या दिवाळीत हिनं दूधवाल्यासाठी बाटलीत चिठ्ठी ठेवली होती. 'मिल्क' इंग्रजीत लिहिलं आणि सवयीनं पुढे मराठी ४. सकाळी दारात आठ बाटल्या! पातेलंभर बासुंदी झाली. स्टॅनला दिली, प्रुइटला दिली, तरी चार दिवस आम्ही बासुंदीच खात होतो.

ताटावरून तसाच उठलो, उष्ट्या हातानं वही उघडली. स्प्रिंगचं छोटं चित्र, शेजारी ठसठशीत ४. मराठी न येणारा माणूस त्याला आठच म्हणणार. वरचं तोंड जरा उघडं राहिलंय, घाईत लिहिलं असेल, असं समजून तो आठ लिहिणार.

"म्हणजे ज्यानं चोरलं त्यानं तुमच्याच वहीतून उतरवलंय," कुमुद म्हणाली. "आणि त्याला मराठी येत नाही. तुम्ही सुटलात!"

*

शनिवारी सकाळी मी म्हाताऱ्यासमोर कागद ठेवला. एका ओळीत आमचे एक ते दहा लिहिले, खाली इंग्रजी. चारावर बोट ठेवलं. मग वही ठेवली, शेजारी ते चित्र.

म्हातारा कागदावर वाकला. "हा चार आहे?"

"होय."

"म्हणजे चोराला तुझी भाषा येत नाही."

"नाही. मी चोर असतो तर चारच लिहिले असते."

"बरोबर." त्याचा चेहरा उजळला. कोडं सुटलं की तो असाच दिसायचा. मग हळूहळू ते उजळणं विझलं. "किल्ल्या तीन आहेत," तो म्हणाला. "एक माझी, एक तुझी."

लेथ थांबला.

स्टॅनच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, कधीतरी यंत्रात गेली होती. धातूवर तो जादू करायचा, पण पेन्सिल त्याच्या हातात नीट ठरत नसे. सहीसुद्धा शाळकरी पोरासारखी. त्या चित्रातली रेष न् रेष सराईत हाताची होती. हे मी पाहिलं होतं. हे मला त्या क्षणी माहीत होतं. "मिस्टर प्रुइट, स्टॅनला असं चित्र काढता येणार नाही," एवढं एकच वाक्य बोलायचं होतं.

मी बोललो नाही. माझ्या मानेवरचा सुरा नुकताच निघाला होता, तो पुन्हा फिरून यायची मला भीती वाटली.

"तू केलंस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

स्टॅननं उत्तर दिलं नाही. होय नाही आणि नाहीही नाही. तो म्हाताऱ्याकडे इतक्या विचित्र नजरेनं बघत होता की मला ती नजर गुन्हेगाराची वाटली.

"सव्वीस वर्षं!" म्हातारा ओरडला. "किल्ली ठेव."

स्टॅननं किल्ली टेबलावर ठेवली. हत्यारं पुसून खोक्यात लावली, एप्रन खिळ्याला अडकवला. दाराशी थांबून मला म्हणाला, "जाताना शेगडीचं झाकण बघत जा. तो विसरतो."

त्या दिवशी घरी कुमुदनं शिरा केला होता. तो गोड लागला, खोटं कशाला बोलू.

*

सोमवारी आठ वाजता म्हातारा कॉफी घेऊन आला. लेथकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"स्टॅन कुठाय?"

 नवीन परीक्षा, मला वाटलं. आता हा मला कशात पकडतोय?

"सव्वीस वर्षांत त्याला कधी उशीर झाला नाही," म्हातारा म्हणाला. त्यानं खिडकीचा तपकिरी कागद बोटानं जरा उचलून रस्त्यावर पाहिलं. "आजारी तर नसेल? गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला होता. मॅड, त्याच्या बायकोला फोन करू का?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे डावपेच नव्हता, संशयही नव्हता. घरचं माणूस वेळेवर आलं नाही की होते तशी साधी काळजी होती. तो माझ्या टेबलाशी आला, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "बरं, त्या स्प्रिंगची वेटोळी किती?"

"चार," मी म्हणालो. या वेळी तो परीक्षा घेत नव्हता. तो खरंच विचारत होता.

तो आपल्या खोलीत गेल्यावर मी ते चित्र पुन्हा पाहिलं. चार दिवस मी त्यातला फक्त आकडा बघत होतो. कापलेला धातू दाखवायला ड्रॉइंगमध्ये तिरक्या रेघा मारतात. तुमच्याआमच्या उजव्या हाताच्या रेघा वर उजवीकडे झुकतात. या रेघा डावीकडे झुकल्या होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ड्रॉइंग शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. डावरा माणूस त्या इमारतीत एकच होता, आणि तो आत्ताच आपल्या खोलीत गेला होता.

काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालून आलो होतो, आणि वळशात एका निरपराध माणसाला तुडवलं होतं.

म्हाताऱ्याच्या टेबलाच्या खणात स्टॅनची किल्ली होती. तो न्हाणीघरात गेला तेव्हा मी ती उचलून खिशात टाकली. आयुष्यात केलेली ती माझी एकुलती एक चोरी. मग "टपाल टाकून येतो" म्हणून बाहेर पडलो.

स्टॅन घरामागे लाकडं फोडत होता. मला पाहून त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"लिफाफा मीच टपालपेटीत टाकला, मॅड. त्यानंच दिला होता मला. म्हणाला, आपल्या पोराचं मत विचारू. टोलेडोचा तो माणूस अजून आपल्याकडेच शिकतोय असं त्याच्या डोक्यात होतं त्या दिवशी. मी फोडून बघायला हवा होता."

"आणि वही?"

"पहाटे येऊन बसतो तो तुझ्या टेबलाशी. काल काय ठरलं ते सापडत नाही ना त्याला. तुझ्या वहीतून उतरवून घेतो. मी तुला सांगितलं होतं, घरी नेत जा."

"मग शनिवारी बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" स्टॅननं हातमोजे काढले. "दोनशे अकरा पेटंटं निघाली त्या डोक्यातून. त्याला सांगू, की एल्डन, चोर तुझ्या डोक्यात बसलाय? चोर बाहेर आहे असं वाटतंय तोवर म्हातारा बरा आहे."

"आणि मी गेलो असतो शेरीफकडे, ते?"

"शेरीफ आणि मी एका होडीत बसून मासे धरतो. शुक्रवारी लवकर निघून त्यालाच भेटलो. म्हटलं, एल्डनचा फोन आला तर हो म्हण आणि विसरून जा. तुझ्या केसाला धक्का लागला नसता."

 मी शेजारच्या दुसऱ्या ओंडक्यावर बसलो. ज्याच्यावर मी चार दिवस डोळा ठेवून होतो, तो त्याच चार दिवसांत माझी पाठ राखत फिरत होता.

"स्टॅन, तुझी बोटं... तुला ते चित्र काढता येणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी बोललो नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तू माझ्या हाताकडे बघितलंस, मग जमिनीकडे."

मला रडू आलं. परमुलखात, परक्याच्या अंगणात, चांगला तेहतीस वर्षांचा बाप्या मी हुंदके देत रडलो. स्टॅननं तोवर फोडलेली लाकडं रचून ठेवली.

"झालं? थांब, कोट घालतो," तो म्हणाला.

मी खिशातून किल्ली काढून दिली.

साडेनऊला त्यानं आपल्याच किल्लीनं दार उघडलं, एप्रन खिळ्यावरून काढला. म्हातारा खोलीतून तावातावानं बाहेर आला.

"ही वेळ झाली यायची?"

"गाडी सुरू होत नव्हती."

"जगभरच्या गाड्या आपल्यामुळे धावतात आणि तुझी सुरू होत नाही! पुन्हा असं झालं तर हाकलून देईन."

"बरं," स्टॅन म्हणाला आणि लेथ सुरू केला.

त्या दुपारी मी खोडरबर घेऊन बसलो. वहीची त्रेसष्ट पानं. एकेक मराठी आकडा खोडला आणि तिथे इंग्रजी लिहिला. वडिलांची छडी आठवत होती, हात जड होत होता, पण चाराच्या जागी 4 लिहिताना मी मुद्दाम मोठा काढला. वही घरी नेली नाही. स्प्रिंगचं पान उघडून टेबलावर ठेवली, शेजारी पेन्सिलीला टोक करून ठेवलं, आणि जाताना शेगडीचं झाकण बघितलं.

दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा पेन्सिल वहीच्या डावीकडे होती, टोक झिजलेलं.

आठ वाजता पावलं वाजली. म्हातारा कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. त्याच्या शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद डोकावत होता.

"मॅड, वेटोळी किती?"

"चार, मिस्टर प्रुइट."

त्यानं खिशावर हात ठेवला, मान डोलावली. पलीकडे स्टॅन खाली मान घालून काम करत होता.

"बरोबर," म्हातारा समाधानानं म्हणाला. "बघत होतो, तुला आठवतंय का."